दसऱ्यापर्यंत थांबलेला बांगडा

कामासाठी मलेशियातल्या पेनांग बेटावर जायचं ठरलं तेव्हा आईने पहिली चौकशी केली ती तारखांची. ६ ते १५ ऑक्टोबर २०२४. तिने स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उलटून पाहिलं आणि निकाल दिला, "घट बसलेले असतले. थंय जावन म्हावऱ्याक हात लावू नको."

आम्ही मालवणकडचे. वर्षभर ताटात मासा, त्यामुळे तो नसण्याचे दिवसही तितकेच कडक. पुण्यात आल्यापासून चौदा वर्षांत माझे सोमवार सुटले, संकष्टी सुटली, श्रावण तर पहिल्याच वर्षी सुटला. नवरात्र मात्र टिकलंय. त्यात भक्तीपेक्षा आईचा धाक जास्त आहे, हे कबूल करतो.

एरवी नऊ दिवसांचं काही वाटलं नसतं. पण ऑफिसातला जो सहकारी आधी पेनांगला जाऊन आला होता, त्याने माझ्या डोक्यात किडा सोडून दिला होता. "तू कोकणातला ना? मग तिथे आसाम लाक्सा खाल्ल्याशिवाय परत येऊ नकोस. तांदळाच्या जाड शेवया आणि वर बांगड्याचा आंबट रस्सा." आसाम म्हणजे इथे ईशान्येचं राज्य नव्हे. मलय भाषेत आसाम म्हणजे आंबट, चिंचेलाही तेच म्हणतात. आणि त्यात पडणारा इकान केंबुंग म्हणजे आपला बांगडाच. बांगड्याच्या गावाला जायचं आणि दहातले सहा दिवस त्याच्याकडे नुसतं बघत बसायचं, असा तो दौरा होता.

काम बायान लेपासच्या औद्योगिक वसाहतीत. इंटेलने १९७२ साली इथे कारखाना टाकला, त्यानंतर चिपा तपासणाऱ्या आणि बांधणाऱ्या कंपन्यांची तिथे रांगच लागली. त्यातल्या एकीत आमचं मशीन उभं करून द्यायचं होतं. मुक्काम जॉर्जटाउनमध्ये, कोमतारच्या उंच मनोऱ्याजवळ. शहरात कुठेही चुकलात तरी मान वर केली की कोमतार दिसतो, त्यामुळे मी रात्री बिनधास्त भटकायचो.

सोमवारी संध्याकाळी पहिला घोळ झाला. एका मॉलच्या फूडकोर्टात लाक्साची पाटी दिसली. बिनमाशाचा मिळतो का बघू, म्हणून गल्ल्यावरच्या मुलीला दोनदा विचारलं, "नो फिश?" तिने हसून मान डोलावली, "नो फिश, नो फिश." वाडगा आला. वर काकडी, अननस, पुदिना. माशाचा तुकडा कुठेच नाही. चमचा तोंडापर्यंत नेला आणि थांबलो. पुण्यात चौदा वर्षं राहून नाक काही बिघडत नाही. बांगडा होता, आणि चांगला भरपूर होता.

तिची चूक म्हणता येणार नाही. आसाम लाक्सात मासा तुकड्यांत नसतोच. बांगडे उकडायचे, काटे काढायचे, मांस हाताने कुस्करायचं आणि त्याच पाण्यात परत सोडायचं. वरून मासा टाकला नाही म्हणजे 'नो फिश', एवढाच तिचा हिशेब. वाडगा तसाच बाजूला सारला, शेजारच्या गाडीवरून फळं घेतली आणि उपाशीपोटी हॉटेलवर आलो. सात रिंगिट गेले. रिंगिट म्हणजे तेव्हाचे साधारण वीस रुपये धरा. खरं दुःख पैशांचं नव्हतं, त्या वासाचं होतं. रात्री उशिरापर्यंत तो बोटांना येत होता.

दुसऱ्या दिवशी ही कथा तिथल्या सहकाऱ्याला सांगितली. तो जन्माने पेनांगचा, घरात होक्किएन ही चिनी बोली बोलणारा. पोट धरून हसला आणि म्हणाला, "अरे, तू बरोबर आठवड्यात आला आहेस. पिवळे झेंडे बघितले नाहीस का?"

बघितले होते. गाड्यांवर, दुकानांच्या दारांवर तिकोनी पिवळे झेंडे, त्यावर लाल चिनी अक्षर. कुठल्या तरी पक्षाचा प्रचार असावा असं समजून सोडून दिलं होतं. ते निघाले नऊ सम्राट देवांच्या उत्सवाचे. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस. भाविक पांढरे कपडे घालतात, मांस-मासे बंद, आणि कित्येक जण कांदा-लसूणही वर्ज्य करतात. ज्या गाडीवर पिवळा झेंडा, तिथे शाकाहारी मिळणार. मी मोबाइलवर तारखा पाहिल्या. ३ ते ११ ऑक्टोबर. म्हणजे आमची घटस्थापना ते नवमी, एका दिवसाचाही फरक नाही. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात, त्यामुळे हे पुष्कळदा जमून येतं. अधिक महिना वेगळा पडला की फारकत होते. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग तेंचो पण घट बसता?" मी म्हटलं तसंच समज. त्यानंतर मलेशियाबद्दलचं तिचं मत एकदम सुधारलं.

मंगळवार ते शुक्रवार, चारही संध्याकाळी मी पिवळ्या झेंड्याखाली जेवलो. त्यातल्या तीन वेळा लाक्सा. शाकाहारी आसाम लाक्साला पेनांगचे जुने खवय्ये नाकं मुरडतात, आणि बरोबरच आहे. रश्श्याला बूड नसतं. जिभेला आंबट लागतं, तिखट लागतं, आणि मग पुढे काहीतरी यायला हवं तिथे काहीच येत नाही. पण त्या तीन वाडग्यांनी एक काम केलं. मासा नसल्यामुळे बाकी सगळे सुटे सुटे ओळखता आले.

पहिला ओळखला तो बुंगा कांतान. आल्याच्या कुळातल्या एका झाडाची गुलाबी कळी. बारीक चिरून वर टाकतात. पहिल्या दिवशी मला वाटलं वाडगा नीट विसळलेला नाही, साबणाचा वास येतोय. दुसऱ्या दिवशी तो वास फुलाचा वाटला. तिसऱ्या दिवशी गाडीवरच्या आंटीला मी खुणेने आणखी चिमूटभर मागितला. दुसरा पानांचा वास, दाउन केसुम. दिसायला मिरचीच्या पानासारखं लांबट पान, चवीला कोथिंबिरीचा उग्र चुलतभाऊ. आणि तिसरा आंबटपणा. तो चिंचेचा आहे असं मी धरून चाललो होतो. चिंच असतेच, पण तिच्या जोडीला रश्श्यात वाळलेल्या फळाच्या तपकिरी चकत्या तरंगत होत्या. आसाम केपिंग. एक उचलून चावली. कोकम नव्हतं, पण कोकमाच्या घरातलं कुणीतरी नक्की होतं. रात्री शोधून पाहिलं तर खरंच, दोन्ही झाडं गार्सिनिया या एकाच वंशातली.

बांगडा, कोकमाची बहीण आणि तांदळाच्या शेवया. आमच्याकडे तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे साच्यातून दाबून शिरवाळे करतात आणि नारळाच्या गोड रसाबरोबर खातात. त्यांच्यावर बांगड्याचं तिखलं ओतायचं आमच्या कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही, याचा विचार करत मी तो आठवडा काढला.

शुक्रवारी नवमी. रात्री पांढऱ्या कपड्यांतली माणसं देवांना समुद्राकडे निरोप द्यायला निघाली. उदबत्त्यांचा धूर, ढोल, झांजा. गणपतीला निरोप देताना जसा गलका आणि जसा एक हुरहुरीचा सूर असतो, तसाच. गर्दीत उभा राहून मी मात्र दुसऱ्या दिवशीच्या बसचा विचार करत होतो.

दसरा शनिवारी होता, सुट्टीचा दिवस. पण आईची अट होती. "सकाळी घट हलवतंय, आरती जाली की फोन करतंय. तवसर थांब." मलेशियाचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. आई आरती उरकून मोकळी होणार नऊच्या आसपास, म्हणजे माझे साडेअकरा. मी मात्र साडेआठलाच कोमतारवरून २०४ नंबरची बस पकडली होती. ती एअर इतामवरून पुढे पेनांग हिलच्या पायथ्याशी जाते. एअर इताम म्हणजे काळं पाणी. आपल्याला त्या शब्दाने अंदमान आठवतं, इथे मात्र तो डोंगराखालचा गजबजलेला बाजार आहे.

वेळ काढायला केक लोक सी देवळात गेलो. मलेशियातलं हे सर्वांत मोठं बौद्ध मंदिर. दुकानांच्या चिंचोळ्या बोळातून पायऱ्या चढायच्या, कासवांचं तळं लागतं, मग मजल्यामागून मजले. वर ३० मीटर उंचीची क्वान यिनची कांस्यमूर्ती. मी तिच्यासमोर उभा राहून दर पाच मिनिटांनी मोबाइल बघत होतो. करुणेच्या देवीला माझी दया आली असावी. खाली बाजारात उतरलो आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

"खा आता," आई म्हणाली. सोनं घ्या नाही, काही नाही. थेट खा.

पासार एअर इताम लाक्सा हे इथलं जुनं नाव, १९५५ पासूनचं. कित्येक वर्षं मंडईला लागून रस्त्याच्या कडेला गाडी होती. आता जवळच एका गाळ्यात बसतात. मी रांगेत उभं राहून हात बघत होतो. मूठभर शेवया वाडग्यात. त्यावर उकळता रस्सा. लगेच पळी आडवी धरून तो रस्सा परत पातेल्यात. पुन्हा ओतला, पुन्हा निथळला. तीन-चार वेळा. थंड शेवया आतपर्यंत गरम व्हाव्यात आणि रस्सा मात्र पाणचट होऊ नये, यासाठीची ही युक्ती. मग काकडी, अननस, कांदा, पुदिना, कांतानची कळी, लाल मिरची, आणि शेवटचा रस्सा काठोकाठ. वाडग्याच्या कडेला एका चमच्यात काळंभोर, काकवीसारखं घट्ट काहीतरी. ते हेको. कोळंबीचा अर्क गोडासह आटवून केलेलं.

पहिला घोट हेको न मिसळता घेतला. आठवडाभर जी जागा रिकामी लागत होती, तिथे बांगडा येऊन बसला. कुस्करलेला मासा रश्श्यात इतका विरघळलेला की तो पितोय की चावतोय हे कळत नव्हतं. खाली बेलाचानचा, म्हणजे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीच्या आंबवलेल्या गोळ्याचा खमंगपणा. गोव्याचं बाल्चांव हा शब्द या बेलाचानवरूनच पोर्तुगीजांबरोबर आला असं मानतात. ज्याने सुकट भाजताना शेजाऱ्यांच्या खिडक्या बंद होताना पाहिल्यात, त्याला बेलाचान समजावून सांगावं लागत नाही.

मग समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्या चमच्याकडे बोट दाखवून हाताने ढवळल्याची खूण केली. हेको पूर्ण मिसळलं. रस्सा काळसर झाला आणि चव एकदम खोल गेली, आंबटाला गोडाची आणि समुद्राची किनार आली. पहिल्यांदा खाणाऱ्याने मी केलं तसंच करावं असं मी सांगेन: अर्धा वाडगा त्याशिवाय, अर्धा त्यासकट. चॉपस्टिकने गुळगुळीत शेवया पकडणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. पांढऱ्या शर्टावर तीन डाग पडले. दसऱ्याला नवा शर्ट घातला होता, हे सांगायचं राहिलं.

दुसरा वाडगाही खाल्ला. त्याबद्दल काही लिहीत नाही.

संध्याकाळी लेबुह केंग क्वी. पेनांग रोडवरून आत वळणारी ही बारकी गल्ली प्रवाशांना तोंडपाठ असते, कारण तिथे १९३६ पासूनची चेंडोलची गाडी आहे: नारळाचं दूध, ताडगूळ, पानदानच्या हिरव्या शेवया, लाल घेवडा आणि किसलेला बर्फ. तिला लागूनच पेनांग रोड फेमस लाक्सा. सीएनएनने २०११ साली जगातल्या ५० चवदार पदार्थांची यादी केली तेव्हा पेनांगच्या आसाम लाक्साला सातवा नंबर दिला होता, आणि तेव्हापासून अशा ठिकाणी रांगेत निम्मे लोक फोटो काढणारे असतात. मला असल्या याद्यांचं कौतुक नाही. वाडगा मात्र चांगला होता. रस्सा सकाळच्यापेक्षा पातळ, तिखट जरा पुढे. एकच संध्याकाळ हातात असेल, सोबत लहान मुलं असतील, तर सरळ इथे यावं. तिखटाने तोंड पोळलं की चार पावलांवर चेंडोल आहे. वेळ असेल तर एअर इताम. मला विचारलंत तर सकाळच्या वाडग्याला तोड नव्हती, पण नऊ दिवसांची भूकही त्याच वाडग्यात होती, तेव्हा माझा निकाल जरा सांभाळून घ्या.

रविवारी सहकारी गाडी घेऊन आला. "लोक शहरात लाक्सा शोधतात. डोंगरापलीकडे चल." बालिक पुलाउ म्हणजे बेटाची पाठ. तुन सार्दोन रस्त्याने वळणं घेत वर जायचं आणि पलीकडे उतरायचं. मला फोंडा घाट आठवत होता. दोन्ही बाजूंना डुरियान, जायफळ, लवंग. गाव छोटं, मुख्य रस्त्यावर जुनी दुकानघरं, त्यातल्याच नान ग्वांग नावाच्या कोपितियाममध्ये, म्हणजे चिनी चहा-कॉफीच्या दुकानात, लाक्साची गाडी.

इथे दोन पातेली. एक आसाम, दुसरं सियाम. सियाम लाक्सातही मासाच, पण नारळाच्या दुधात, सयामी वळणाचा. लाक्सा हा शब्द फारसीतल्या शेवयांच्या एका शब्दावरून आला म्हणतात, तर काही जण तो आपल्या 'लक्ष' शब्दापर्यंत नेतात. लाखभर शेवया म्हणा किंवा लाखभर तऱ्हा म्हणा. जोहोरला तर लाक्सात इटालियन स्पॅगेटी घालतात. सहकाऱ्याने एक आसाम, एक सियाम आणि दोघांत एक मिश्र मागवला. कोपितियामचा एक नियम असतो: खाणं गाडीवाल्याचं, टेबल दुकानवाल्याचं, त्यामुळे पेय दुकानातूनच घ्यायचं. आम्ही घेतलं जायफळाचं सरबत. मालवणला आम्ही जायफळाच्या सालीचं लोणचं घालतो, सरबत पहिल्यांदाच प्यालो. आंबट-गोड, थंड, आणि गिळल्यावर घशात जायफळ. माशानंतर याइतकं बरं दुसरं काही नाही, सोलकढी सोडून.

सियाम लाक्सा मला फार जवळचा वाटायला हवा होता, नारळाचं दूध म्हणजे आमचा प्राण. पण दोन घासांनंतर मी आसामकडेच वळलो. नारळाने सगळ्याला एक मऊ पांघरूण घातलं होतं, आणि आठवडाभर ज्या वासांशी ओळख करून घेतली होती ते त्याखाली झोपले. मिश्र वाडगा मात्र भन्नाट. सहकारी म्हणाला, "माझी आई असाच खाते, पण कुणाला सांगत नाही."

परतताना कांपुंग पेर्लिसमधून गेलो. तिथे जंगुस नावाचा मलय पद्धतीचा लाक्सा प्रसिद्ध आहे. पोटात तिळाएवढीही जागा नव्हती, त्यामुळे नुसती गर्दी बघितली. नाव कशावरून, म्हणून विचारलं. जंगुस म्हणजे काजू. पहिली गाडी काजूच्या झाडाखाली लागायची. आता काजूच्या झाडाखाली बांगडा खायला मालवणच्या माणसाने समुद्र ओलांडून यायचं, आणि पोट भरलेलं म्हणून परत जायचं.

सोमवारी दुपारी काम आटोपलं. निघण्याआधी चौरास्ता मंडईत गेलो. नाव आपलंच, चौरस्ता. बाहेरच्या दुकानांत बरण्यांची आरास, जायफळापासून आंब्यापर्यंत सगळं मुरवलेलं. तिथून वाळलेल्या आसाम केपिंगची पाकिटं घेतली. हेकोची बाटली उचलली आणि परत ठेवली. विमानात फुटली तर सामानासकट मलाही कुणी घरात घेतलं नसतं.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा पाकीट आईच्या हातात दिलं. तिने एक चकती नाकाला लावली, दाताखाली धरली, उजेडात उलटीपालटी करून बघितली. "सोलांसारखाच आसा. पण रंग नाय." संध्याकाळी बाजारातून बांगडे आणले. मी सांगत बसलो की मासा उकडून काटे काढायचे, कुस्करायचा, मग शेवयांवर... तिने ऐकून घेतलं आणि नेहमीसारखं तिखलं केलं, फक्त सोलांच्या जागी पेनांगच्या चार चकत्या टाकल्या. मी हट्टाने त्यात शिरवाळे बुडवले. वडील काही न बोलता माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनीही दोन शिरवाळे घेतले.

आईने रस्सा बोटाने चाखला.

"बरां आसा," ती म्हणाली. "पण तेंच्याकडे तिरफळां गावत नाय?"